दहा वर्षांची बॅटरी आणि चिपची निवड

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला तक्ता सावकाश वाचला. पाण्याच्या मीटरवर बसणाऱ्या, एकाच बॅटरीवर दहा वर्षे चालणाऱ्या आणि दिवसातून एकदा रेडिओवरून वाचन पाठवणाऱ्या उपकरणासाठी कोणत्या फॅमिलीचा (एकाच घडणीच्या चिपांच्या घराण्याचा) मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप, घ्यावा, हा तुझा प्रश्न आहे. त्यासाठी तू एमएसपी४३०, एसटीएम३२एल आणि ईएफएम३२ या फॅमिलींच्या डेटाशीटच्या (उत्पादकाच्या माहितीपत्रकाच्या) पहिल्या पानावरचे स्लीप करंट, म्हणजे चिप झोपेत असताना घेते ते प्रवाह, एकाखाली एक मांडले आहेस. मेहनत दिसते, पण हिशेबाची सुरुवात बॅटरीपासून व्हायला हवी होती, ती चिपपासून झाली आहे.

बॅटरीपासून मांडून पाहू. एए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल ३.६ व्होल्टचा असतो आणि त्याची क्षमता साधारण २,४०० मिलिअँपिअर-तास लिहिलेली असते. उष्णता, स्वतःहून होणारी झीज आणि शेवटच्या काळात रेडिओच्या झटक्याला न पेलणारा व्होल्टेज यांपोटी एक तृतीयांश बाजूला काढ; हाती १,६०० उरतात. दहा वर्षांचे तास ८७,६००. म्हणजे संपूर्ण सर्किटने मिळून, सरासरीने, सुमारे १८ मायक्रोअँपिअर खर्च करायचे. हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेव. तुझ्या तक्त्यातल्या तिन्ही फॅमिली घड्याळ चालू ठेवून एक मायक्रोअँपिअरच्या आसपास झोपतात, आणि त्यांच्यातला अर्ध्या मायक्रोअँपिअरचा फरक या १८ मध्ये फारसा जाणवत नाही.

आता तुझ्या सर्किटमधली बॅटरीचा व्होल्टेज मोजण्यासाठी घातलेली १०० किलो-ओहमच्या दोन रेझिस्टरची जोडी पाहा. ३.६ व्होल्टला त्या जोडीतून अहोरात्र १८ मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे दहा वर्षांचे सगळे अंदाजपत्रक दिवसातून एकदा वाचल्या जाणाऱ्या या एका मापावर संपले. याउलट ज्या रेडिओची तुला धास्ती वाटते, तो ४० मिलिअँपिअर घेऊन दिवसातून दीड सेकंद बोलला, तर चोवीस तासांच्या सरासरीत त्याचा वाटा ०.७ मायक्रोअँपिअरच पडतो. मोजमापाच्या वेळेपुरता त्या जोडीचा खालचा सिरा एखाद्या मॉसफेटने (स्विचसारख्या वापरायच्या ट्रान्झिस्टरने) जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ऋण टोकाला, जोडावा, आणि तो बंद असताना पिनवर चढणारा पूर्ण बॅटरी-व्होल्टेज चिपला चालतो का, हे डेटाशीटमध्ये पाहून घ्यावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे चिपच्या आतला संदर्भ-व्होल्टेज वाचून उलट गणिताने पुरवठा काढणे. बहुतेक फॅमिलींमध्ये ही सोय असते.

यापुढची गोष्ट माझ्याच चुकीची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी असेच एक उपकरण केले होते. मीटरच्या चकतीवर चुंबक, बाहेर चुंबक समोर आला की सर्किट जोडणारा रीड स्विच, आणि त्याला १० किलो-ओहमचा पुल-अप, म्हणजे स्विच उघडा असताना पिन बॅटरीच्या व्होल्टेजवर ठेवणारा रेझिस्टर. टेबलावर सगळे उत्तम चालले; झोपेतला करंट मोजला तर दीड मायक्रोअँपिअर. नऊ-दहा महिन्यांनी काही मीटर गप्प झाले, आणि नवल असे की ते होते कुलूपबंद फ्लॅटमधले, जिथे पाण्याचा थेंबही वापरला जात नव्हता. भरल्या घरांतली उपकरणे मात्र व्यवस्थित वाचन पाठवत होती. मी आधी रेडिओला, मग बॅटरीच्या लॉटला दोष दिला. शेवटी एका मेलेल्या उपकरणासमोर बसलो, तेव्हा लक्षात आले की घरमालक गावाला जाताना चकती थांबली ती नेमकी चुंबक रीड स्विचसमोर येऊन. स्विच बंद, म्हणजे सर्किट पूर्ण, आणि पुल-अपमधून सतत ३६० मायक्रोअँपिअर. २,४०० ला ०.३६ ने भागून पाहा, नऊ महिनेच येतात. चकती फिरत असली की हा काळ थोडा-थोडा वाटला जातो. तरीही ती भरली घरे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गेलीच असती. मी झोपेतला करंट मोजला होता तो स्विच उघडा असताना.

फॅमिलीची खरी परीक्षा इथे होते. मुख्य प्रोसेसर झोपलेला असताना चिपमधले बाकीचे भाग किती काम करू शकतात, हे आधी विचार. एमएसपी४३० मधल्या एफआर६९८९ सारख्या चिपमध्ये फिरणाऱ्या चकतीचे सेन्सर ठरावीक अंतराने क्षणभर जागवून वाचणारा स्वतंत्र विभागच दिलेला आहे, कारण ती चिप अशा मीटरांसाठीच घडवली आहे. ईएफएम३२, जी मूळ नॉर्वेतल्या एनर्जी मायक्रोची आणि २०१३ पासून सिलिकॉन लॅब्जकडे आहे, तिच्या अनेक चिपमध्ये याच कामाचा लेसेन्स नावाचा भाग आणि शिवाय झोपेत चालणारा पल्स-काउंटर मिळतो. एसटीएम३२एल मध्ये लो-पॉवर टायमर बाहेरून येणारे पल्स, आतले एकही घड्याळ न चालवता, मोजत राहतो. मात्र त्याचे डिजिटल फिल्टर वापरायचे तर आतले घड्याळ लागतेच, म्हणून रीड स्विचची थरथर रेझिस्टर-कॅपॅसिटरने बाहेरच निस्तरावी लागते. आणि हा टायमर पल्स मोजतो, पुल-अपचा प्रश्न सोडवत नाही. तो तुलाच सोडवावा लागेल: पुल-अप कायम जोडलेला न ठेवता सेकंदाला काही वेळा, काही मायक्रोसेकंद तो चालू करून पिन वाचायची आणि लगेच बंद करायचे. चिपमधला तयार पुल-अप साधारण ४० किलो-ओहमचा असतो, म्हणजे बंद स्विचवर ९० मायक्रोअँपिअर, हेही लक्षात असू दे.

दुसरी बाब स्मृतीची. मीटरचा आकडा बॅटरी गेली तरी राहिला पाहिजे. तू दर तासाला फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी आकडा जपणाऱ्या मेमरीत, लिहिणार आहेस. वर्षाला ८,७६० वेळा. फ्लॅशचा एक भाग बहुधा १०,००० वेळा पुसण्याची हमी देतो, तेव्हा एकाच जागी पुसून लिहीत राहिलास तर चौदाव्या महिन्यात ती हमी संपते. एमएसपी४३० च्या एफआर मालिकेतील एफरॅमला, म्हणजे तेच काम करणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या मेमरीला, ही चिंता नाही, तिथे मर्यादा १० चा १५वा घात इतकी आहे आणि आधी पुसण्याची भानगडही नाही. ज्या उत्पादनात दर मिनिटाला काहीतरी नोंदवायचे आहे, तिथे मी दुसरे काही न पाहता या फॅमिलीकडे वळेन. तुझ्याकडे मात्र दिवसातून एकदा लिहिले तरी पुरेल. दहा वर्षांत ३,६५० वेळा होते.

तापमानाचा रकाना तुझ्या तक्त्यात अजिबात नाही. पहिल्या पानावरचे आकडे २५ अंशांचे आणि नमुनादाखल असतात, हमीचे नव्हेत. चंद्रपूरला मे महिन्यात सावलीत ४५ अंश चढतात, आणि गच्चीवरच्या लोखंडी झाकणाच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त. सिलिकॉनमधली गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते; डेटाशीटच्या आतल्या पानांवर ८५ अंशांच्या रकान्यात तोच आकडा अनेक पटींनी मोठा दिसेल. झोपेत जेवढी रॅम जिवंत ठेवशील तेवढी ही गळती अधिक, म्हणून नको असलेला रॅमचा तुकडा बंद करता येतो का, हेही पाहावे.

व्होल्टेजचे दोन्ही काठ तपास. ताजा थायोनिल क्लोराइड सेल मोकळा असताना ३.६७ व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि या बहुतेक चिपची शिफारस केलेली कमाल मर्यादा ३.६ असते. दुसऱ्या बाजूला, महिनोन्महिने पडून राहिलेल्या सेलमध्ये लिथियमवर क्लोराइडची साय धरते आणि पहिल्याच रेडिओ-झटक्याला व्होल्टेज कोसळतो. सोबत मोठा कॅपॅसिटर हवाच, आणि त्याची स्वतःची गळती त्या १८ मध्ये धरलेली हवी. डेव्हलपमेंट बोर्डावर मोजलेल्या करंटवर तर मुळीच विसंबू नकोस. त्यावरचा एएमएस१११७ सारखा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर एकटाच पाच मिलिअँपिअर खातो, आणि डीबगर (चिपमधला प्रोग्रॅम तपासण्याचे साधन) जोडलेला असताना कित्येक चिप पुरत्या झोपतच नाहीत. डीबगर काढ, वीज पूर्ण तोडून पुन्हा दे, आणि मग मोज.

पुरवठ्याबद्दल फार लिहीत नाही. २०२१ च्या टंचाईत काही चिपसाठी वर्षभर थांबावे लागले, आणि ज्यांच्या बोर्डावर त्याच पिनांची, कमी-जास्त मेमरीची दुसरी चिप बसत होती, तेच माल पाठवू शकले. फॅमिली या शब्दाचा मला कळलेला सर्वांत उपयोगी अर्थ हाच आहे.

माझे मत विचारशील तर तुझ्या कामासाठी मी एसटीएम३२डब्ल्यूएल घेईन. कमी विजेत दूरवर पोहोचणारा लोरा रेडिओ त्याच चिपमध्ये आहे, आपल्याकडच्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात तो चालतो, आणि घड्याळासह झोपेचा खर्च एक मायक्रोअँपिअरच्या घरात आहे. रीड स्विचऐवजी कॉइलचा सेन्सर वापरायचे ठरले, तर मात्र निर्णय फिरवून एमएसपी४३० आणि वेगळा रेडिओ असा विचार करावा लागेल; म्हणून सेन्सरचा निर्णय आधी घे.

बोर्ड तयार झाला की मला चार आकडे पाठव: स्विच उघडा आणि बंद, दोन्ही २५ अंशांवर, आणि तेच दोन्ही ६० अंशांवर. साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजमध्ये मोजू नकोस, रेडिओ बोलताच त्याच्या आतल्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडून चिप रीसेट होईल. माझ्याकडे नॉर्डिकचा पॉवर प्रोफाइलर (बारीक करंट मोजणारे उपकरण) आहे, पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जा.

कळावे.