फोनवर ‘मजेत आहे’ म्हणते, मग न्हाणीघरात रडते

‘मावशी, मी आठवीत आहे. दहिवडीच्या पुढं आमचं गाव. यंदा जूनमध्ये साताऱ्याच्या मुलींच्या निवासी शाळेत आले. खोलीतल्या बाकीच्या मुली पाचवीपासून एकत्र आहेत. मी ‘न्हाय’ म्हटलं की हसतात. फीसाठी आईनं बोरमाळ गहाण ठेवली, म्हणून रविवारी फोनवर मजेत आहे असंच सांगते आणि मग न्हाणीघरात जाऊन रडते. मला परत जावंसं वाटतं. आणखी एक, मला अजून पाळी आलेली नाही. इथंच आली तर कुणाला सांगू?’

बाळा,

रडू येतं यात तुझं काही चुकत नाही. दिवसा तास, अभ्यास, घंटा यांत वेळ निघून जातो. प्रार्थना आणि जेवण यांच्या मधल्या रिकाम्या वेळात आणि दिवे मालवल्यावर घर फार आठवतं. त्यात तुमच्या माण तालुक्यात अख्खा जून आभाळाकडं बघण्यात जातो आणि इथं दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. ओलसर चादरीत कुणाला झोप लागेल? संध्याकाळी खोलीत बसू नकोस. खो-खो चालू असेल तर तिथं जा, नाहीतर ताटं मांडायला जा.

मला खरी काळजी वाटते ती तुझ्या ‘मजेत आहे’ची. आईनं बोरमाळ ठेवली ती तू शिकावीस म्हणून, तू कधी रडू नयेस म्हणून नाही. तू राहतेस त्याच साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून तिथल्या मुलांना जेवू घातलं. ती मुलंही घर आठवून रडली असतीलच. पोरांसाठी दागिना मोडणाऱ्या बाईला हे कळत असतं. तुझ्या आईलाही कळेल. या रविवारी तिला म्हण, ‘आई, मला करमत नाही. रात्री रडू येतं. लगेच न्यायला येऊ नकोस, पण माझं ऐकून घे.’ आणि एखादी बरी गोष्टही सांग, आमटी आवडली असेल तर तीही. फोन ठेवल्यावर पुन्हा रडू येईल, येऊ दे. मुलगी रडते म्हणून पहिले काही आठवडे फोनच देऊ नये असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

परत जायचं की नाही, हे आज ठरवू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत आईजवळ बसून ठरव. तोवर बहुतेक मुलींना करमायला लागतं. तुला नाहीच लागलं, तर गावाकडच्या शाळेत जाण्यात काहीही कमीपणा नाही.

खोलीतल्या जुन्या मुलींच्या घोळक्यात शिरायची घाई नको. यंदा तुझ्यासारखी नवी आलेली दुसरी कोण आहे ते बघ, ती दुसऱ्या खोलीत असली तरी चालेल. शेजारच्या पलंगावरच्या मुलीला रोज काहीतरी साधं विचार: कपडे कुठं वाळतात, गणिताची वही कशी आखायची. तुझी बोली मात्र बदलू नकोस. पेपरात पुस्तकी मराठी लिही, खोलीत ‘न्हाय’च म्हण. महिन्याभरात त्यातल्याच दोघी तसं बोलायला लागतील.

पण हसण्यापलीकडं काही गेलं, कुणी मारलं, नको तसा हात लावला, दम देऊन स्वतःचे कपडे धुवायला लावले, तर त्याच दिवशी रेक्टर मॅडमना किंवा वर्गशिक्षिकांना सांग. त्यांनी ऐकलं नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे. फोनला पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात.

पाळीचं आधीच विचारलंस हे फार छान केलंस. आईला पॅडचं एक पाकीट पाठवायला सांग. त्यातली दोन आणि एक जादा चड्डी दप्तरात ठेव. पहिल्यांदा नुसता तपकिरी डागही दिसतो, घाबरायचं नाही. पहिली एक-दोन वर्षं तारीख मागंपुढं होते, तेही चालतं. रेक्टर मॅडमना सांग, त्यांच्याकडं पॅड असतातच. रात्री आली तर शेजारच्या मुलीला उठव. ती चिडणार नाही.

पहिली घटक चाचणी झाली की मला पुन्हा लिही.

तुझी,
मावशी