शिकारबंदी, पारध आणि घरातलं कातडं

शिकारबंदीबद्दल ऐकीव माहितीवर विसंबून लोक पावलं उचलतात आणि अडचणीत आल्यावर विचारतात. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून एकत्र देत आहे.

प्रश्न : भारतात १९७२ साली सगळी शिकार बंद झाली ना?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण त्यात विशेष, मोठी आणि छोटी शिकार असे परवाने होतेच. ते १९९१ च्या दुरुस्तीने गेले.

प्रश्न : गावात होळीनंतर पारध निघते. परंपरा म्हणून सूट मिळेल का?

नाही. कायद्याने राखलेला शिकारीचा हक्क निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा आहे, आपल्याकडे कोणाचाच नाही. आणि ‘जनावर मेलंच नाही’ ही सबब चालत नाही. फासकी लावणं, हाका घालणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे.

प्रश्न : परदेशी शिकाऱ्यांकडून भरपूर पैसे घेऊन मोजके प्राणी मारू द्यावेत, तो पैसा जंगलाला मिळेल. हा विचार आपल्याकडे कोणी का केला नाही?

केला होता, आणि वाघ त्यातच संपत चालले होते. स्वातंत्र्यानंतर संस्थानिकांची राखीव रानं मोकळी झाली, बंदुका वाढल्या, जीप आणि प्रखर दिवे आले. शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांसाठी जंगलातले ब्लॉक आरक्षित करायच्या, मचाण बांधायच्या, रेडकू बांधून वाघ आणायच्या. पाहुण्याने फक्त चाप ओढायचा. पाहुणा वाघाचे पैसे मोजून आलेला असे, त्यामुळे वाघ दाखवण्याची घाई कंपनीला. रानात किती उरले याची मोजदाद तिच्या धंद्यात बसतच नव्हती. कैलास सांखला यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यांनी आकडे गोळा करून हे मांडलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची सभा दिल्लीत भरली आणि तिथे वाघाच्या शिकारीवर बंदीची मागणी झाली. तेव्हा कंपन्यांची ओरड हीच होती, परकीय चलन बुडेल. १९७० मध्ये बंदी आली. १९७२ मध्ये पाऊलठशांवरून मोजणी झाली, तेव्हा देशभरात १,८२७ वाघ निघाले. ठशांची पद्धत ढोबळ होती हे मान्य, पण विकण्याइतके वाघ उरले नव्हते हे तिनेही दाखवलं. पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. पैसे घेऊन शिकार करू देण्यासाठी आफ्रिकेचं उदाहरण देणाऱ्यांनी केनियाही पाहावा, तिथे १९७७ मध्येच शिकार बंद झाली. बंदी उशिरा आली याचं मला आजही वाईट वाटतं. चित्त्यासाठी तर ती आलीच नाही. १९५२ मध्ये तो नामशेष जाहीर झाला.

प्रश्न : आजोबांनी मारलेल्या वाघाचं कातडं घरात आहे. एक जण जुन्या तारखेचं प्रमाणपत्र करून देतो म्हणतो.

त्याला आजच नाही म्हणा. तो बनावट दस्तऐवज असेल आणि अडकाल तुम्ही. कातडं सापडलं की ते बेकायदेशीर नाही हे सिद्ध करण्याचा भार ते बाळगणाऱ्यावर असतो. आधी आजोबांच्या नावचं मालकी प्रमाणपत्र (कातडं कायदेशीरपणे बाळगल्याचा सरकारी दाखला) आहे का, ते जुन्या कागदांत शोधा. असेल तर वारशाने वस्तू मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची असते; पुष्कळ घरांत ही मुदत वाटणीच्या वादात निघून जाते. प्रमाणपत्र असलेली वस्तू ठेवायची नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार कामकाजाच्या सात दिवसांची सूचना देऊन सरकारजमा करता येते, मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्रच नसेल तर मात्र कातडं विकू नका, कोणाला देऊ नका, जाळूही नका. नोंद न केलेल्यांसाठी २००३ मध्ये १८० दिवसांची संधी दिली होती, ती कधीच संपली. या कायद्याची प्रकरणं चालवणारा वकील गाठा आणि त्याच्यामार्फतच वनविभागाशी बोला.

प्रश्न : वाघनखाचं लॉकेट विकत घ्यावं का?

घेऊ नका. नख खरं निघालं तर गुन्हा आहे, आणि बाजारात बहुतेक वेळा गुरांच्या शिंगाचं किंवा हाडाचं कोरून विकतात.

प्रश्न : रानडुकरं पीक खातात. मारता येतात का?

वनाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. कुंपणात घरगुती वीज सोडणं तर अजिबात नको, त्या तारेला माणसं मेली आहेत आणि वाघही. नुकसान दिसताच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या आणि पंचनामा मागा. आधी रान नांगरून टाकलंत तर दाखवायला काही उरत नाही.