व्हर्च्युअल जगांचा एवढा गाजावाजा झाला, त्यात खरंच तेवढा दम आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सेकंड लाइफपासून मेटाव्हर्सपर्यंत ज्या ऑनलाइन जगांचा, म्हणजे संगणकावर उभारलेल्या आणि पडद्यावरचं रूप घेऊन फिरता येणाऱ्या ठिकाणांचा, इतका बोलबाला झाला ती त्याला पुरी पडली का, आणि ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात तशी तिथे ‘जमीन’ घेऊन ठेवावी का. सेकंड लाइफमध्ये माझी बरीच वर्षं ये-जा आहे, त्यामुळे मत ठाम आहे. कंपन्यांनी जे कबूल केलं होतं ते झालं नाही. माणसांनी मात्र तिथे जे उभं केलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

सेकंड लाइफ २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबनं सुरू केलं. तीनेक वर्षांत त्याची अशी हवा झाली की २००६ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं तिथे वार्ताहर नेमला आणि २००७ मध्ये मालदीव आणि स्वीडननं दूतावास थाटले. त्याच वर्षी गार्टनर या सल्लागार कंपनीनं भाकीत केलं की २०११ संपेपर्यंत इंटरनेटचा नेमानं वापर करणाऱ्या ८० टक्के लोकांचं असं एखादं दुसरं आयुष्य असेल. प्रत्यक्षात २००९ च्या सुरुवातीला, ऐन भरात, एका वेळी तिथे असणाऱ्यांचा आकडा ८८ हजारांच्या आसपास गेला. पुढे तो ओसरत गेला.

यामागे एक साधं तांत्रिक कारण होतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिथली जमीन २५६ मीटर बाय २५६ मीटरच्या तुकड्यांत विभागलेली असते. एका तुकड्यात फार तर शंभरेक माणसं मावतात आणि त्याआधीच सगळं अडखळायला लागतं. मोठमोठ्या ब्रँडनी बेटं घेतली, दुकानं बांधली, पण भरगच्च झालं तरी तिथे लग्नाच्या एका पंगतीएवढीच माणसं. शिवाय पाच मिनिटं फिरून झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न होताच. अमेरिकन अपॅरल या कपड्यांच्या कंपनीनं २००६ मध्ये उघडलेलं दुकान २००७ मध्ये बंदही केलं. २०२० मध्ये फोर्टनाइट या ऑनलाइन खेळातला रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा कार्यक्रम एका वेळी १ कोटी २३ लाख लोकांनी पाहिला, असं अभिमानानं सांगितलं जातं. पण ते सगळे एका मैदानात नव्हतेच. त्याच मैदानाच्या असंख्य प्रती काढून त्यांत थोडे थोडे लोक वाटलेले होते.

मेटाव्हर्सच्या, म्हणजे अशी जगं जोडून एक मोठं जग उभारण्याच्या कल्पनेच्या वेळी हाच प्रकार जास्त पैसे ओतून झाला. फेसबुकनं ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचं नाव बदलून मेटा केलं. ज्या विभागाकडे हे काम होतं, त्याचा एकट्या २०२२ मधला तोटा १३.७ अब्ज डॉलर. त्याच वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलनं कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली की होरायझन वर्ल्ड्स या मेटाच्या व्यासपीठावर लोकांनी बनवलेल्या जगांपैकी फक्त ९ टक्के जगांत कधीतरी ५० किंवा जास्त माणसं येऊन गेली होती. बहुतेक जगांत कुणी पाऊलच ठेवलं नव्हतं. माणूस नसलेल्या जागेला जग म्हणायचं तरी कसं?

आता माझ्या जिव्हाळ्याचं सांगते. सेकंड लाइफमध्ये आजही ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मैफली होतात. गाणारा आपल्या घरी माइकसमोर बसून खरोखर गात असतो आणि ऐकणारे चार देशांतले. कुणी चॅटमध्ये लिहायला लागलं की त्याच्या अवताराची, म्हणजे पडद्यावरच्या त्याच्या रूपाची, बोटं हवेत चालतात, टकटक आवाज येतो. अमक्याला काही म्हणायचंय हे आधीच कळतं, म्हणून बाकीचे थांबतात. बराच वेळ हाललं नाही की अवताराची मान खाली पडते, आणि मग शेजारचा विचारतो, ‘आहेस ना?’ आवाजही अंतराप्रमाणे लहान-मोठा येतो, त्यामुळे एकाच दालनात दोन कोपऱ्यांत दोन वेगळ्या गप्पा रंगू शकतात. व्हिडिओ कॉलवर एक बोलतो आणि बाकीचे चौकटीत बसून राहतात. सोबत म्हणजे नेमकं काय, हे मला त्या दालनात जास्त कळलं.

नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा तरुण तर विसरताच येत नाही. त्याला स्नायू क्षीण होत जाणारा ड्यूशेन हा आजार होता, २०१४ मध्ये २५ व्या वर्षी तो गेला. मुलगा एकटा पडला, त्याला मित्र मिळालेच नाहीत, याचं आईवडिलांना दुःख होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात इबेलिन या नावानं वावरणाऱ्या त्यांच्या मुलानं किती जणांना आधार दिला होता, ते त्या पत्रांतून घरी कळलं. त्यातले काही जण परदेशातून अंत्यसंस्काराला आले. या जगांना निव्वळ टाइमपास म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

मुलांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. रोब्लॉक्ससारख्या ऑनलाइन खेळांच्या ठिकाणी अनोळखी माणसं भेटतात आणि खिसाही हलका होतो. घरातल्या मोठ्यांचं लक्ष हवंच.

राहिली जमीन. घेऊ नका. पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या गाळ्याला भाव असतो, कारण तिथे रोज माणसं येतात आणि दुसरा लक्ष्मी रोड काढता येत नाही. व्हर्च्युअल जगात एका क्लिकवर कुठूनही कुठेही जाता येतं, म्हणजे मोक्याची जागा ही गोष्टच उरत नाही. डिसेंट्रालँड या व्हर्च्युअल जगानं प्लॉटची संख्या ९० हजारांच्या आसपास बांधून दिली आहे खरी, पण शेजारी दुसरं जग उघडायला कुणाची परवानगी लागते? नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथली जमीन सुमारे २४ लाख डॉलरला विकली गेली, तेव्हाही मला हाच प्रश्न पडला होता.

अनुभव घ्यायचा असेल तर डोळ्यांवर लावायच्या हेडसेटचीही गरज नाही. सेकंड लाइफचं खातं फुकट उघडतं आणि बऱ्यापैकी लॅपटॉपवर ते चालतं. नुसतं भटकू नका, कंटाळाल. आवडीचा एखादा आठवडी कार्यक्रम शोधा, संगीत, वाचन, बागकाम, काहीही, आणि महिनाभर त्याच वेळी त्याच ठिकाणी जा. तेवढ्यात लोक नावानं ओळखायला लागतात.