ऑफिसच्या कामाने सतत फिरताय? आधी बिलांचं बघा

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून महिन्यातून दोनदा चेन्नई, मध्येच मुंबई, पाठ धरलीये, झोपेचं खोबरं झालंय, आणि वर क्रेडिट कार्डाचं बिल स्वतःच्या बचतीतून भरताय कारण ऑफिसकडून पैसे वेळेवर येत नाहीत. बॅग कशी भरावी, मानेची उशी कुठली घ्यावी हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल लिहितोय, कारण त्या रांगेत मी बरीच वर्षं उभा होतो. माझ्या मते अर्धा शीण प्रवासाचा नसतोच, अडकलेल्या पैशांचा असतो.

आमच्याकडे (जुनी कंपनी, नाव नको) हॉटेल ट्रॅव्हल डेस्क ठरवायचा, कुठल्याशा पोर्टलवरून. पैसे मात्र आमच्या कार्डावरून जायचे. चेन्नईला पहाटे पाचला चेक-आउट, बाहेर कॅबवाला हॉर्न मारतोय, काउंटरवर रात्रपाळीचा पोरगा पेंगुळलेला. खोलीचं बिल मागितलं की ठरलेलं उत्तर, "सर, पेमेंट पोर्टलला झालंय, बिल तेच देतील." आणि इडली-कॉफी नि इस्त्रीची तेवढी चिठ्ठी हातावर ठेवायचा. पोर्टलची मेल यायची ती नुसत्या व्हाउचरची. त्यांना फोन लावावा तर म्हणणार, बिल हॉटेल देतं. शेवटी व्हाउचरच जोडून क्लेम टाकायचा आणि तो शेरा मारून परत यायचा, 'टॅक्स इन्व्हॉइस जोडा, कंपनीचा जीएसटी नंबर आवश्यक.' या टोलवाटोलवीत महिना उलटायचा आणि कार्डाचं व्याज माझ्या बोडक्यावर. हे व्याज कुठे क्लेम करू, असं एकदा विचारलं, तर अकाउंट्सच्या मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा प्यायला निघून गेलो.

खरी गंमत नंतर एका सीए मित्राने सांगितली. हॉटेलच्या खोलीवर कर लागतो तो हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला. म्हणजे चेन्नईच्या बिलावर सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा) आणि तामिळनाडूचा एसजीएसटी (राज्याचा वाटा). आमच्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रातली. त्या कराचं क्रेडिट (म्हणजे बिलात भरलेला कर कंपनीच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा करणं) पुण्याच्या ऑफिसला मिळणारच नव्हतं, बिलावर नंबर असो नाहीतर नसो! ज्या नंबरापायी माझे पैसे रखडवले, त्याचा कराच्या हिशेबात कंपनीला दमडीचा उपयोग नव्हता. विमानाच्या तिकिटाचं उलटं आहे. तिथे नोंदणीकृत (जीएसटी नंबर असलेल्या) ग्राहकाचं ठिकाण धरतात, त्यामुळे क्रेडिटचा प्रश्न खरा असतो; तिकीट काढतानाच कंपनीचं नाव आणि नंबर घाला, मागाहून घालून घेणं फार जिकिरीचं. (मी सीए नाही, नियम बदलत असतात, तुमच्या अकाउंट्सशी भांडण्याआधी कुणा जाणकाराला विचारा.)

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. हॉटेल पोर्टलवरून घेऊच नका, शे-दोनशे रुपये जास्त पडले तरी थेट हॉटेलकडे बुकिंग करा. तुम्ही वारंवार एकाच शहरात जाताय, तर साहेबांना सांगून एका हॉटेलशी 'बिल टू कंपनी' ठरवून घ्या. तुमच्या कार्डाचा संबंधच नको. तेही जमत नसेल तर निघायच्या आदल्या रात्री, मॅनेजर जागेवर असताना, बिलाचा कच्चा प्रिंट मागा आणि कंपनीचं नाव-पत्ता अक्षरन् अक्षर तपासा. पहाटे पाचला काहीही दुरुस्त होत नाही. आणि टूरसाठी ॲडव्हान्स मागायला लाजू नका. आपण कंपनीला बिनव्याजी कर्ज द्यायला नोकरी धरलेली नाही.

डिजियात्रा वापरत असाल (चेहरा दाखवून विमानतळात शिरायचं ॲप; पुण्यात आहे, आणि गर्दीच्या वेळी खरंच सुटका होते) तरी बोर्डिंग पासची पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवा. काही ऑफिसं अजून ती मागतात, आणि उड्डाण झाल्यावर ॲपमध्ये सापडेलच असं नाही.

मुंबईसाठी गाडी काढू नका. घाटात एखादा ट्रक बंद पडला की मीटिंग गेली. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरायची, दादरला उतरायचं. वाटेत डायनिंग कारमध्ये नाश्ता होतो आणि पाठीला चालायला मिळतं. संध्याकाळी सीएसएमटीहून पाच दहाला तीच परत. लोहगावला विमानतळावर जायचं तर कोथरूडकरांना वनाज-रामवाडी मेट्रो आणि पुढे रिक्षा हे दुपारच्या विमानाला झकास आहे, पहाटेच्या विमानाला काही उपयोगाचं नाही. हिंजवडीतून संध्याकाळी थेट विमानतळ गाठायचा विचार तर करूच नका.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने पुण्याची विमानंसुद्धा लटकतात, कारण आपल्याला न्यायचं विमान बऱ्याचदा तिकडूनच येत असतं. निघण्याआधी ते विमान आत्ता कुठे आहे ते फोनवर बघा. तासभर जास्त घरी झोपता येतं, लाउंजपेक्षा ते बरं.

पाठीचं मला विचारू नका, फिजिओला दाखवा. तुमच्या कंपनीची तामिळनाडूत वेगळी जीएसटी नोंदणी आहे का, तेवढं मात्र इथे लिहा. असेल तर हॉटेलच्या बिलावर तिथला नंबर लागेल, पुण्याचा नाही, आणि मग अकाउंट्सचं म्हणणं अर्धं बरोबर निघेल.