हात झटकत उठणाऱ्या पेशंटविषयी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

फिजिओथेरपीच्या ओपीडीत कार्पल टनेलचे, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात मिडियन नर्व्ह ही नस दाबली गेलेले, पेशंट बघताना तुला पडलेला प्रश्न रास्त आहे. रिपोर्टवर ‘माइल्ड’ असलेली बाई रडकुंडीला येते आणि ‘सिव्हिअर’वाले आजोबा म्हणतात, आता फारसं दुखत नाही. असं का? कारण नर्व्ह कंडक्शनची तपासणी मोजते ती मायलिनच्या जाड आवरणाच्या तंतूंचा वेग. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत. त्यातून नस फार काळ दाबलेली राहिली की जाणीवच बोथट होते. वेदना मागे पडते, बधिरपणा वाढतो. तेव्हा आजोबांचं ‘दुखत नाही’ म्हणजे सुधारणा असं धरू नकोस. त्यांच्या अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसलाय का, ते आधी बघ. आणि त्या बाईला ‘रिपोर्ट तर बरा आहे’ म्हणून वाटेला लावू नकोस.

पेशंट सगळ्यालाच ‘दुखतंय’ म्हणतो. ते दुखणं फोडून विचारायला हवं. आग होते का? गारठून दुखल्यासारखं होतं का? करंट बसतो का? मुंग्या, सुया, बधिरपणा, खाज? हे सात प्रश्न झाले. मग हाताची तपासणी: कापसाचा स्पर्श कमी लागतो का, टोचलेलं कमी लागतं का, मऊ ब्रश फिरवला तर दुखतं का. तुलना त्याच हाताच्या करंगळीशी कर. नसेची वेदना ओळखायची डीएन-फोर प्रश्नावली ती हीच. दहापैकी 4 किंवा जास्त गुण आले की वेदना नसेची असण्याची शक्यता धरतात. पण या आजारात एक गोम आहे. मुंग्या, सुया, बधिरपणा आणि कमी झालेला स्पर्श एवढ्यावरच 4 भरतात, आणि हे चारही कार्पल टनेलच्या बहुतेकांना असतं. म्हणून नुसता आकडा लिहू नकोस. आग, करंट आणि ब्रशने दुखणं यांची उत्तरं वेगळी लिही. पुढचे निर्णय त्यावर ठरतात.

मग कागदावर हाताची आकृती देऊन दुखतं तिथे रेघा मारायला सांग. मिडियन नर्व्हचा इलाका म्हणजे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू. अंगठ्याखालचा तळवा मात्र सुटतो, कारण तिथली फांदी मनगटाच्या सुमारे 5 सेंमी वरच फुटते आणि बोगद्याबाहेरून जाते. तो तळवाही बधिर असेल तर दोष मनगटाच्या वर शोध, मानेपर्यंत जा. नुसती कळ कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत चढते, तेवढ्यावरून मानेचं निदान करू नकोस. मान वळवून ती वाढते का, ट्रायसेप्सची (दंडामागच्या स्नायूची) ताकद आणि रिफ्लेक्स कसे आहेत, ते तपास. दोन्ही पायांनाही मुंग्या असतील तर साखर आणि बी-12 बघायला हवं. थायरॉइड, संधिवात आणि गरोदरपण विचारायला विसरू नकोस.

आता स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर ठेवणारा आधार. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या ‘कॉक-अप’ स्प्लिंटमध्ये तळहाताच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते आणि ती 20 ते 30 अंश मागे वाकवलेली असते. बोगद्यातला दाब मनगट सरळ असताना सगळ्यात कमी असतो. पुढे वाकवलं की वाढतो, मागे वाकवलं तरी वाढतो. म्हणून पट्टी खिशातून काढ, टेबलावर दाबून सपाट कर, परत घाल आणि मनगट बाजूने बघ. पुढची कड तळहातावरच्या बोटांकडच्या आडव्या रेषेच्या अलीकडेच थांबायला हवी, म्हणजे बोटं मुठीपर्यंत वळतात. मनगटावरचा पट्टा घट्ट नको. आवळला की आपणच नस दाबतो. बांगड्या काढूनच स्प्लिंट घालायचा, हे स्पष्ट सांग. नाही सांगितलं तर त्या आतच राहतात. रोज रात्री, निदान 6 आठवडे. चार दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे बरेच. नसेचे ग्लायडिंग (नस हळूच सरकवण्याचे) व्यायाम हलके दे; करून झाल्यावर मुंग्या टिकून राहिल्या तर ताण जास्त झाला.

गोळ्या डॉक्टर ठरवतील, पण पेशंट विचारणार तुलाच. साध्या वेदनाशामकांचा इथे फारसा उपयोग होत नाही. कार्पल टनेलच्या चाचणीत गॅबापेन्टिन हे नसेच्या वेदनेचं औषधही औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. याचा अर्थ आग आणि करंट असलेल्यांना नसेच्या वेदनेची औषधं कधीच द्यायची नाहीत असा नाही. पण बोगद्यातला दाब त्यांनी उतरत नाही. प्रेगाबालिनने झोप येते, चक्कर येते, पाय सुजतात. ज्येष्ठांना पडण्याची भीती सांग. बी-6 मनाने घेत राहणाऱ्यांना थांबव, जास्त झालं तर तेच नसा बिघडवतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे-महिने आराम देतं. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते.

सतत बधिरपणा, अंगठ्याचा अशक्तपणा किंवा बसलेला उंचवटा दिसला तर सहा आठवडे वाट बघू नकोस, सर्जनकडे पाठव. ऑपरेशननंतर रात्रीची कळ बहुधा लवकर जाते, बधिरपणा महिने घेतो, झिजलेला स्नायू भरेलच असं नाही. हे पेशंटला आधीच माहीत हवं. सुरुवातीपासून काहीच फरक नसेल तर बोगद्याच्या छताचं लिगामेंट पूर्ण कापून सुटलं नसेल किंवा निदानच चुकलं असेल. टाक्याजवळ नवीन आग आणि हात लावू न देणं म्हणजे तळव्याची फांदी दुखावल्याची शंका. पूर्ण हात सुजला, रंग बदलला, बोटं आखडली, तर त्याच दिवशी परत पाठव.

चिठ्ठीत ‘सीटीएस (कार्पल टनेल सिंड्रोम), पेन प्लस’ एवढंच लिहू नकोस. कुठला हात, किती महिने, रात्री उठावं लागतं का, हात झटकल्यावर बरं वाटतं का, आग-करंट-ब्रशची उत्तरं, अंगठ्याची ताकद, स्प्लिंट किती आठवडे आणि तो सपाट केलेला होता का. आकृतीचा कागदही सोबत जोड.

कळावे.