इंदूरला घरी आरओ घ्यावा की यूव्हीवर भागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून इंदूरला आलात, घर घेतलंत, नर्मदेचा नळ आहे आणि बोरिंगही आहे. घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई. विक्रेता म्हणतो आरओशिवाय (बारीक पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, दाबाने गाळून क्षारही काढणारं मशिन) पर्याय नाही, शेजारी म्हणतात यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं मशिन) पुरे. माझा जन्म इथलाच, रामबागेतला, त्यामुळे हा वाद घरोघरी ऐकलेला आहे.

मशिनचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येतं ते पाणी नेमकं कुठलं? इंदुरात बऱ्याच घरांत दोन पाणी असतात आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे 70 किलोमीटर, पंपांनी विंध्याचा घाट चढवून. 1978 पासून हे चाललंय. ते गाळून, क्लोरीन घालून सोडतात आणि त्यात क्षार कमी असतात. माझ्या नळाला टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, 200 मिलिग्रॅमच्या आसपास दाखवतो. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या खडकातलं, जड. गिझरची कॉइल पांढरी पडते, बादलीला थर बसतो, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या खाते.

बऱ्याच घरांत ही दोन्ही पाणी एकाच हौदात पडतात आणि तिथून एकाच टाकीत चढतात. नर्मदा एक दिवसाआड येते, कमी पडलं की बोरिंग चालू. म्हणजे टाकीतलं पाणी पावसाळ्यात एक आणि मे महिन्यात भलतंच. विक्रेता त्या दिवशी जे मिश्रण असेल त्याचा टीडीएस मोजतो आणि आरओ गळ्यात मारतो.

म्हणून माझा सल्ला: मशिनच्या आधी प्लंबर बोलवा. नर्मदेच्या लाइनीवरून वेगळी छोटी टाकी भरून घ्या, झाकणाची, आणि तिची जोडणी फक्त स्वयंपाकघराला द्या. बोरिंग बाथरूम आणि बागेला. एवढं केलंत की पिण्यापुरता क्षारांचा प्रश्न मिटला आणि यूव्ही-यूएफवर (यूएफ म्हणजे जंतू अडवणारी बारीक गाळणी) भागतं. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये टीडीएसची इष्ट मर्यादा 500 आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. 200 च्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे घाट चढवून आणलेल्या पाण्यातलं लिटरभर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणं. राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्येच सांगितलं होतं की टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणा.

आता नर्मदेच्या पाण्याचा खरा धोका. तो जंतूंचा आहे. पाणी सतत नसलं की पाइप रिकामे राहतात. त्यात कुणी थेट लाइनीला टुल्लू पंप (पाणी ओढणारा छोटा घरगुती पंप) लावला की आत ओढ बसते, आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत येते. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर काय येत असेल ते सांगायला नको. टीडीएस मीटर हे काहीही दाखवत नाही, गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा जेमतेम हलेल. त्यासाठी एचटूएसची बाटली (जंतू तपासायची) मिळते, पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाणी दूषित समजायचं. आणि नळाला वास आला किंवा पाणी गढूळ आलं तर मशिन घरात असलं तरी त्या दिवशी पाणी उकळाच. गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश नीट पोचत नाही, जंतू कणांच्या आडोशाने सुटतात. पावसाळ्यात तर मशिनच्या आधी गाळाचा फिल्टर हवाच.

विक्रेत्याने दोन सळ्या बुडवून तुमचं पाणी तपकिरी करून दाखवलं असेल, दाखवतातच. त्याला घाबरू नका. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंडाची सळई झिजते, तो गंज पाण्यात उतरतो. म्हणजे जी घाण दिसते ती सळईचीच. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, म्हणून ते स्वच्छ दिसतं. पुढच्या वेळी त्याच्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता लाव. चहा न घेताच उठेल.

आरओ लागतो कधी? लाइन वेगळी करणं शक्यच नसेल आणि प्यायलाही बोरिंगच वापरायचं असेल तेव्हा. पण तेही टीडीएसवरून ठरवू नका. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि हार्डनेस, नायट्रेट, फ्लोराइड बघा. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, जवळपास सेप्टिक टँक किंवा खत पडणारी शेती असेल तर तो वाढलेला असू शकतो. तान्ह्या बाळांना त्याचा त्रास होतो. यूव्हीने तो जात नाही, उकळलं तर उलट दाट होतो. तिथे आरओ घ्या, मी आड येणार नाही.

घेताना दुकानदाराला एकच विचारा: वर्षाला खर्च किती? मशिनची किंमत एकदाच लागते, फिल्टरचा खर्च मात्र जन्मभर मागे लागतो. ज्याचं मेंब्रेन आणि कार्ट्रिज बाजारात कुणाकडेही मिळतं तेच घ्या. फक्त कंपनीकडेच मिळणारं नको. यूव्हीचा दिवा पेटलेला दिसला तरी त्याची ताकद हळूहळू उतरते, साधारण वर्षाने बदला. तांबं, अल्कलाइन, जस्त वगैरे पाट्यांना पैसे देऊ नका, जस्त डाळ-पोळीतून मिळतं. आरओ बसवलाच तर सोडलेलं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला चांगलं, कुंड्यांना नको.

आंघोळीच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर येतो, तो वेगळा आणि मोठा खर्च. गिझरची कॉइल वरचेवर बदलावी लागत असेल तरच त्याच्या नादी लागा.