पद्मिनीचं जाम झालेलं स्टीअरिंग: हातोडा बाजूला ठेवा आणि नट परत चढवा

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवून लिहायला बसलो: ‘नट पूर्ण काढलाय, दोघं मिळून ओढतोय, रविवारी मेस्त्री मोठा हातोडा घेऊन येणार आहे.’ बाकीचं वाचायच्या आधी एवढं करा. तो नट परत स्टीअरिंगच्या दांड्यावर चढवा. आवळू नका, चार-पाच आटे धरतील इतपत फिरवा आणि हब (स्टीअरिंगचा दांड्यावर बसणारा मधला धातूचा भाग) व नट यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट राहू द्या. मेस्त्रीला फोन करून रविवार रद्द करा.

नट का चढवायचा? स्टीअरिंग निघतं तेव्हा हळूहळू निघत नाही. दोन तास हूं की चूं करत नाही आणि मग एका क्षणात सुटतं, तुम्ही लावलेल्या सगळ्या जोरासकट. माझा पुढचा दात अर्धा आहे. लोकांना वाटतं लहानपणी क्रिकेट खेळताना गेला. तो काकांच्या फियाटच्या स्टीअरिंगने गेलाय, मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि नट माझ्या खिशात होता. नट दांड्यावर असता तर स्टीअरिंग ‘टक्’ करून दोन मिलिमीटर पुढे आलं असतं आणि तिथेच थांबलं असतं.

आता तुमचं दुखणं. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, चार पावसाळे कोकणातल्या घरी उघड्या पडवीत उभी. इंडिकेटर वळणानंतर आपोआप परत येत नाही, रिमचं प्लास्टिक दोन ठिकाणी तडकलंय आणि स्टीअरिंग निघत नाही. रिमच्या भेगांसाठीच काढत असाल तर काढायची गरजच नाही. भेग व्ही आकारात कोरून, इपॉक्सी भरून, घासून रंगवायचं काम गाडीवर ठेवूनही होतं, फक्त डॅशबोर्ड नीट झाकायचा. पण इंडिकेटर परत फिरवणारा खटका हबच्या मागे असतो, त्यामुळे तुम्हाला काढावं लागणारच. ठीक.

हातोड्याला माझा विरोध का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मेस्त्री तुम्हाला सांगेल की ‘साहेब, आम्ही अशी शंभर काढलीत’. खोटं नाही बोलत तो. त्याने काढलीच असतील. त्यानंतर त्या गाड्यांच्या स्टीअरिंग बॉक्सचं काय झालं हे बघायला तो हजर नव्हता.

फियाट अकराशे काय, पद्मिनी काय, स्टीअरिंग बॉक्स वर्म आणि रोलरचा. म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाशी स्क्रूसारखा वर्म, आणि त्याच्या आट्यात फिरणारा रोलर. वर्म दोन्ही बाजूंनी बेअरिंगवर टेकलेला असतो. तुम्ही वर दांड्याच्या तोंडावर हातोडा मारता तेव्हा तो मार दांड्यातून सरळ खाली जातो आणि खालच्या बेअरिंगच्या गोळ्या त्यांच्या वाटीत रुततात. बारीक खड्डे पडतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत. स्टीअरिंग निघतं, मेस्त्री पैसे घेऊन जातो, आणि महिन्याभराने तुम्हाला गाडी वळवताना हातात टुक-टुक लागायला लागतं. एका ओळखीच्या गाडीचा असा बॉक्स मी स्वतः उघडून बघितलाय. शिवाय दांड्याच्या तोंडाचे आटे फुगतात ते वेगळंच. मग नट चढत नाही, आणि स्टीअरिंगचा नट नीट चढत नसेल तर ती गाडी रस्त्यावर आणायची नाही.

ज्यांच्या गाड्या जरा नंतरच्या आहेत त्यांच्यासाठी: धडकेत दुमडणारा कॉलम (दांडा आणि त्याभोवतीची नळी) असेल तर हातोडा आणखी वाईट. त्यात प्लास्टिकच्या पिना मुद्दाम तुटण्यासाठीच बसवलेल्या असतात, त्या तुमच्या माराने आजच तुटतील. आणि स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर इथून पुढचं काहीही करून बघू नका. बॅटरी काढल्यावरही त्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. ते काम ते शिकलेल्या माणसाकडे न्या.

पुलर, म्हणजे बोल्ट आवळून हब ओढून काढणारं हत्यार, हातोड्यापेक्षा चांगला, तो जोर कमी लावतो म्हणून नव्हे. जोर तोही टनाच्या हिशेबात लावतो. पण पुलरचा मधला बोल्ट दांड्याला ढकलतो आणि त्याचे हात हबला ओढतात, म्हणजे सगळं भांडण हब आणि दांडा या दोघांतच मिटतं. खाली बॉक्सपर्यंत काही पोचत नाही. मुद्दा एवढाच.

तर क्रमाने. बॅटरीचा मायनस काढा. हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी तिथेच आहेत, आणि रात्री अकराला सोसायटीत हॉर्न अडकला तर तो अनुभव वेगळा असतो. पुढची चाकं सरळ करा. हॉर्नचं बटण किंवा रिंग काढताना खालची स्प्रिंग आणि संपर्काचे तुकडे कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग दांड्याच्या तोंडावर आणि हबवर एका रेषेत खूण करा. पेनची किंवा रंगाची खूण तेलाने पुसली जाते, सुईच्या टोकाने ओरखडा काढा.

मग टॉर्च आणा आणि नटाच्या खाली अगदी नीट बघा. टूथब्रश आणि रॉकेल घेऊन जुनं ग्रीस साफ करा. मला एकदा एका गाडीसाठी बोलावलं होतं, तीन दिवस ओढत होते. ग्रीस खरवडलं तर खाली सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग), दांड्याच्या खाचेत आरामात बसलेली. कुणीतरी पूर्वी स्वतःच्या डोक्याने बसवली होती. कधी जुन्या मेस्त्रीने नट सुटू नये म्हणून पंच मारून कडा दाबलेल्या असतात. आधी हे तपासलं तर अर्ध्या वेळा पुढचं काही करावंच लागत नाही.

आता तेल. तुमचं नशीब चांगलं, कारण कॉलम तिरका असतो आणि हब वरच्या बाजूला. म्हणजे नटाभोवती जी वाटी आहे तिथे टाकलेलं तेल आपोआप स्प्लाइनमधून, म्हणजे हब आणि दांडा एकमेकांत अडकवणाऱ्या दात्यांमधून, खाली झिरपतं. गंजात शिरणारं तेल इंजेक्शनच्या सिरिंजने आठ-दहा थेंब, रात्री एकदा, सकाळी एकदा, असं दोन-तीन दिवस. खाली कॉलमभोवती फडकं गुंडाळा, नाहीतर तेल इंडिकेटरच्या स्विचमध्ये जाईल. इंटरनेटवर अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल मिसळायची कृती फिरते. लोखंडी बोल्टाला चालेल, पण तुमच्या चाळीस वर्षांच्या प्लास्टिकच्या रिमवर अॅसिटोनचा एक थेंब पडला तर तिथे डाग नाही, खड्डा पडेल. मी वापरत नाही.

तिसऱ्या दिवशी आधी पुलर न लावता एक करून बघा. सीटवर बसा, दोन्ही गुडघे रिमच्या मागून टेकवा, नट फटीसह चढलेला आहे याची खात्री करा, आणि गुडघ्यांनी पुढून मागे दाब देत हाताने रिम आलटून पालटून हलवा: वरून-खालून, मग डावीकडून-उजवीकडून. झटके नकोत, डुलवणं हवं. पण रिम तडकलेली आहे, तेव्हा भेगेच्या जागी हात लावू नका, आणि पाच मिनिटांत काही झालं नाही तर सोडून द्या. स्टीअरिंग लॉकवर अडकवून जोर लावायचा मोह होतो. तो लॉक चोराला अडवण्यासाठी आहे, पान्याला टेकू म्हणून नाही, त्याची खीळ तुटते. नट सोडतानाही रिम हाताने किंवा मदतनिसाने धरायची.

पुलरसाठी आधी हबकडे बघा. अनेक जुन्या गाड्यांत हबवर समोरासमोर दोन आट्यांची भोकं असतात, ती पुलरसाठीच दिलेली असतात. असतील तर त्यांच्या मापाचे चांगल्या प्रतीचे बोल्ट घ्या, डोक्यावर ८.८ लिहिलेले, आणि बोल्ट त्याच्या जाडीइतका तरी खोल गेला पाहिजे. तीन आट्यांवर जोर लावला तर आटे ओरबाडून बाहेर येतील आणि हब कायमचा गेला. दोन्ही बाजू सारख्याच आत न्यायच्या, नाहीतर हब तिरका ओढला जाऊन आणखी पक्का बसतो.

भोकं नसतील तर बाजारात मिळणारा बेअरिंगचा पुलर आरे धरून लावायचा मोह होतो. तो लावू नका, आरे वाकतात. त्याऐवजी मी कोल्हापूरला उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून करून घेतलेली चीज अजून वापरतो. आठ मिलिमीटर लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, प्रत्येकात अर्धगोल कापलेला. ते हबच्या मागे दोन्ही बाजूंनी सरकवायचे आणि बोल्टने एकमेकांना जोडायचे. त्यातून दोन लांब स्टड आऱ्यांच्या मधून पुढे येतात, पुढे एक आडवी पट्टी, पट्टीच्या मधोमध जाड बोल्ट. एवढंच. लेथवाल्याने चहा पीत पीत एका दुपारी करून दिली. मात्र पट्टीचं माप देण्याआधी कॉलमचं कव्हर काढून हबच्या मागे किती जागा आहे ते मोजा, आणि इंडिकेटरच्या खटक्याचा तो छोटा तुकडा पट्टीखाली चेंगरणार नाही ना हे बघा. तुमचा मूळ आजारच तो आहे, त्याला मारून टाकायला नको.

दांड्याच्या तोंडावर पुलरचा बोल्ट थेट टेकवू नका. मध्ये तांब्याचा किंवा पितळेचा जाड तुकडा ठेवा. काही गाड्यांत दांडा पोकळ असतो आणि हॉर्नची वायर आतून येते, तसं असेल तर तो तुकडा भोकापेक्षा मोठा हवा. नट असा फिरवा की दांड्याचं तोंड आणि नटाचा माथा जवळजवळ एका पातळीत येतील, म्हणजे शेवटच्या आट्यांना आधार मिळतो. खाली फट राहतेय ना, तेही बघा.

बोल्ट आवळा. चांगला ताण आला की थांबा. इथे बहुतेक लोक आवळतच राहतात आणि काहीतरी मोडतात. थांबायचं आणि दहा मिनिटं बाहेर जायचं. मी खरंच बाहेर जातो. ताणाखाली गंज हळूहळू सोडतो, आणि दोनदा मला आतून ‘टक्’ ऐकू आलंय, गाडीजवळ कुणीही नसताना. परत आल्यावर पाव फेरा आणखी. मग पितळी दांडा हबच्या धातूला बाजूने टेकवून लहान हातोडीने टिचक्या, चारी बाजूंनी. बरेच मेस्त्री या वेळी पुलरच्या बोल्टाच्या डोक्यावर ठोका देतात आणि त्याने निघतंही. पण तो ठोका पुन्हा दांड्यातूनच खाली जातो, म्हणजे पुढच्या दाराने हाकललेला हातोडा मागच्या दाराने आत घेतला. बाजूच्या टिचकीला वेळ जास्त लागतो, बेअरिंग मात्र वाचतं.

एवढ्यानेही नाही हललं तर उष्णता. गॅसची ज्योत नको, खाली वायरी आहेत, हबमध्ये तुम्हीच ओतलेलं तेल आहे. आधी तेल पुसून घ्या, हॉर्नच्या संपर्काचा प्लास्टिकचा भाग काढा, रिमला आणि आऱ्यांना ओलं फडकं गुंडाळा आणि हीट गनने फक्त हब तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र झालं की पुरे. हब दांड्याआधी तापतो म्हणून फुगतो. ज्यांनी नंतर अॅल्युमिनियम हबचं स्टीअरिंग बसवलंय त्यांना याचा फायदा दुप्पट, कारण तेवढ्याच तापमानाला अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गरम असतानाच पुलर पाव फेरा. बहुतेक वेळा इथे खेळ संपतो.

नाही संपला तर पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. मला सर्वांत जास्त लागलेला वेळ म्हणजे नऊ दिवस, आणि त्यातलं प्रत्यक्ष काम दीड तासाचं होतं.

निघाल्यावर स्प्लाइन पितळी ब्रशने साफ करा, दाते गोल झालेत का बघा, आणि परत बसवताना अगदी पुसट ग्रीस. थापू नका. खटक्याचा तुकडा बदलायचा असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने भाग चाळायला वेळ काढा. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, आणि तिचे अवयव अजूनही तिथल्याच गल्ल्यांत पडलेत याची मला गंमत वाटते. नट आणि वॉशर नवे घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) टॉर्क रेंचने आवळा. ‘हाताला कळतं’ हे वाक्य इथे चालत नाही.

आणखी एक. बसवल्यावर गाडी सरळ जाताना स्टीअरिंग जरा वाकडं दिसलं तर पहिली इच्छा होते की एक दाता सरकवून बसवू. तुमची खूण जुळली असेल तर ते करू नका. या बॉक्सचा खेळ मधोमध सर्वांत कमी ठेवलेला असतो, दोन्ही टोकांकडे तो वाढतो. चाकं सरळ असताना रोलर वर्मच्या मध्यावर हवा. दाता सरकवून तुम्ही फक्त डोळ्यांना फसवता, गाडी सरळ रस्त्यावरही ढिल्या भागातच चालत राहते. ती चूक टाय रॉडमध्ये (बॉक्सपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांत) आहे, तिथेच काढा.

मोकळ्या मैदानात हळू चालवा, दोन्ही बाजूंनी पूर्ण वळवा, इंडिकेटर परत येतो का बघा, हॉर्न वाजवा, मग रिम धरून स्वतःकडे जोरात ओढून बघा. शंभरेक किलोमीटरनंतर नटाचा टॉर्क पुन्हा तपासा.

हबवर भोकं आहेत की नाहीत, आणि कव्हर काढल्यावर मागे किती मिलिमीटर जागा आहे, ते कळवा. भोकं नसतील तर माझ्या पट्टीचं माप काढून देतो. ती तुमच्याकडे पाठवलीही असती, पण सध्या ती मिरजेच्या एका डॉक्टरांच्या अॅम्बॅसिडरला लागलेली आहे, आणि तिथे आज पाचवा दिवस आहे.